बाराव्या गाण्याचा शेवट

ती रेकॉर्ड माझ्याकडे आहे, पण लावायला सांगू नका. किराणा दुकानात साबणाशेजारी टांगलेली असायची, इतकी स्वस्तातली. वेष्टनावर लाटांवर घसरायच्या फळ्या घेतलेली चार देखणी पोरं, बँडचं नाव बनावट. वाजवणारे आम्ही तिघंच. मी गिटारवर, माझा धाकटा भाऊ लाइल बास गिटारवर आणि ड्रमवर ऑरव्हिल. साल एकोणीसशे त्रेसष्ट. कॅलिफोर्नियात, पोमोनातलं पत्र्याचं गॅरेज हाच स्टुडिओ, समुद्र तीस मैल दूर, आणि एका दिवसात समुद्राच्या लाटांवरची बारा गाणी उरकायची होती.

सकाळी लाइल गिटारला जोडायची एक पेटी घेऊन आला. आत लांब स्प्रिंगा असतात. गिटारचा आवाज त्यांतून गेला की ओला होऊन बाहेर येतो, आणि या गाण्यांना तोच लागतो.

"ड्वाइटची ना ही?" मी विचारलं.

"त्याच्या आईनं दिली."

ड्वाइट त्याचा जिवलग. दोघं लाटेखाली श्वास धरून बसायचे. जो आधी वर येईल तो हरला. एप्रिलमध्ये लाइल आधी वर आला. ड्वाइट आलाच नाही.

आमच्या कामात एक नियम पाळावा लागतो. गाणं संपलं तरी स्प्रिंगांचा आवाज पुरता विरेपर्यंत कुणी हलायचं नाही, श्वाससुद्धा रोखून धरायचा. अकरा गाणी सुरळीत पार पडली. दुपारी दोनला बारावं संपलं, मी तारांवर हात ठेवला. पण पेटी वाजतच राहिली... टप्... टप्...

काचेपलीकडे स्टुडिओचा मालक क्लेटन 'थांबा' म्हणून बोट वर करून उभा होता. मिनिट उलटलं. मला राहवेना, मी नाकानं हळूच श्वास सोडला. ऑरव्हिलनंही सोडला. खोलीत शेवाळाचा खारट वास येऊ लागला होता. मी लाइलकडे पाहिलं. गाल फुगलेले, नजर पेटीवर, ओठ निळे पडत चाललेले.

"लाइल... सोड रे श्वास..."

त्यानं नुसती नकारार्थी मान हलवली.

मी सगळ्या ताकदीनिशी पेटीला लाथ घातली. लाट फुटावी तशा स्प्रिंगा गडगडल्या आणि लाइल गुडघ्यांवर कोसळला. धाप घेतली, मग भडाभडा पाणी ओकला. पाण्यात वाळू होती.

"वा! शेवट झकास जमला," क्लेटन ओरडला. "हेच छापू, टेप वाया नको घालवायला."

"इथं पोरगा मरतोय आणि तुला टेपची पडलीय?" ऑरव्हिल म्हणाला.

तसंच छापलं. रेकॉर्डच्या शेवटी तो गडगडाट आहे. त्यामागून पाण्यातून वर आल्यासारखी घेतलेली एक मोठी धाप. आणि लगेच दुसरी. खोलीत धाप लागली होती ती एकट्या लाइलला.

ते मी त्याला ऐकवलं, ही माझी चूक. एप्रिलनंतर तो पहिल्यांदा हसला.

"पहिली त्याची, वेन. दुसरी माझी. म्हणजे मी जिंकलो."

"पुरे आता."

"तो मानायचा नाही पण. हरला की पुन्हा डाव मागायचा... दर वेळी."

मला भीती वाटली. त्याच संध्याकाळी मी पेटी फोडली, स्प्रिंगा कापल्या आणि सगळं भंगारात टाकून आलो.

ऑगस्टमधल्या एका भर दुपारी आम्ही दोघं स्वयंपाकघरात जेवत होतो. कुठूनसं टप्... टप्... ऐकू आलं. नळ कोरडा होता. लाइलनं हातातला घास खाली ठेवला, माझ्याकडे बघून जरासा हसला आणि छाती भरून श्वास घेतला.

मी ओरडलो, त्याच्या पाठीत गुद्दे घातले, तोंडात बोटं घालून जबडा उघडू पाहिला. या वेळी लाथ घालायला पेटी नव्हती.