सुपडूंचा नियम

सटाण्याच्या त्या कोल्ड स्टोरेजमध्ये नियम लिहीत नसत, बोलत. भिंतीतल्या माइकच्या जाळीपुढे उभं राहून सांगायचं, की यंत्रणा ते बोलणाऱ्याच्याच आवाजात फाइल करून ठेवी. डाळिंबं निवडणाऱ्या कौतिकबाई रोज जेवणाच्या सुट्टीत बाहेरच्या पडद्यावर एकच फाइल ऐकायच्या. त्यांचे यजमान सुपडू अहिरे इथले राखणदार; दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच उरला नव्हता. त्या फाइलमधला नियम केव्हाच बाद झाला होता, पण नंतर आलेल्या अभियंता मृदुला खैरनारने तो पुसला नाही. "असू दे मावशी, काय खायला मागतोय?"

आज तिने नको तो शहाणपणा केला. चालू नियमांची नावं एकेक करून यादीत घालायचा तिला कंटाळा आला होता. फोल्डरमध्ये असेल ते सगळं दर मिनिटाला एकदम उचल, असं तिने यंत्रणेला सांगितलं आणि खुशीत फळं बघायला आत गेली. मागे दार लागलं.

"अनोळखी माणूस आत दिसला तर मालक येईपर्यंत दार सोडायचं नाही," सुपडूंचा आवाज म्हणाला.

बाद झालेली फाइलही त्याच फोल्डरमध्ये होती, आणि सुपडूंनंतर आलेली मृदुला त्या नियमाला अनोळखीच. मालक दुबईच्या विमानात होते. दार लागलं की फळं टिकावीत म्हणून खोलीतला प्राणवायू कमी व्हायचा. हा नियम मृदुलाचाच. आत माणूस अडकेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आता तिच्या हातात जेमतेम दहा मिनिटं होती.

काचेपलीकडे कौतिकबाई जेवत होत्या. मृदुलाने फोन लावून त्यांना सगळं सांगितलं. पडद्यावर दोनच बटणं होती, ऐका आणि पुसा.

"पुसावं लागेल, मावशी. पुसलेलं परत येत नाही."

कौतिकबाई उठल्या, पण बटणाला हात लावेनात. मृदुला क्रेटवर बसली. तिला भयंकर भीती वाटली. तेवढ्यात कौतिकबाई जाळीपुढे गेल्या.

"अहो, ही मृदुला. आपलीच पोरगी आहे. सोडा तिला."

पूर्वी हे बोलणं यादीत घातल्याशिवाय लागू झालं नसतं. आता फोल्डरात पडेल ते लागू होत होतं. मिनिटभराने यंत्रणेने दोन्ही आवाज एकदम उचलले. मृदुला आता अनोळखी राहिली नव्हती. दार उघडलं.

बाहेर येऊन तिने बराच वेळ नुसता श्वास घेतला. मग विचारलं, "आणि उघडलं नसतं तर?"

"त्यांनी माझा शब्द कधी मोडला नाही, ताई."

मृदुलाला राग आला आणि रडूही. पुसायचं बटण समोरच होतं, कौतिकबाई शेजारी उभ्या होत्या. उद्या दुसरं कुणी आत अडकलं, आणि त्याला आपलं म्हणणारं बाहेर कुणी नसलं, तर?