तिसऱ्या गाण्यातली चूक

"पोरी, गाण्यांची तबकडी गेली!" म्हातारे क्वे, सगळ्यांचे 'अटा' म्हणजे आजोबा, धापा टाकत कोर्कोरच्या कचेरीत शिरले. "वेष्टण जागेवर, आत काहीच नाही!"

कोर्कोर लामटे खासगी गुप्तहेर. तिचा मदतनीस म्हणजे मामेभाऊ ओडार्ते. त्याच्या हातातला मक्याच्या केन्केचा घास तसाच राहिला.

अटा क्वेंच्या बँडची ती एकमेव उरलेली तबकडी. ती नव्याने छापून बाजारात आणणारा साहेब उद्याच हॅम्बर्गहून येणार होता. ती मिळाली नाही, तर क्वेंचं ट्रम्पेट पुन्हा कुणाच्याही कानी पडणार नव्हतं.

"वाजवली कधी शेवटची?"

"वाजवतोय कुठला! बहिणीच्या पेटीतून घरी आणली आणि लगेच सणाआधीची आवाजबंदी लागली, गाणं-वाजवणं सगळं बंद. पन्नास वर्षांत मीसुद्धा ऐकली नाही."

"आणल्याचं कुणाला ठाऊक होतं?"

"जुन्या तबकड्या विकणाऱ्या लान्टेला. आणि शेजारच्या ओकायला. आमचा ड्रमवाला. तिसऱ्या गाण्यात ताल चुकवणारा!"

लान्टे दुकानातच भेटला, आणि भडकला. "मी चोरली असती तर वेष्टण सोडलं असतं? त्याच्याशिवाय तबकडीला कुत्रं विचारत नाही, ताई!"

अटा ओकायांच्या खोलीत रेकॉर्ड प्लेअर होता, पण स्पीकरच्या तारा काढून खिळ्याला टांगलेल्या. बंदी पाळावी तर त्यांनीच.

"जाऊ दे ती तबकडी," ते म्हणाले. "तिसऱ्या गाण्यात नुसती खरखर आहे."

बाहेर येताच ओडार्ते म्हणाला, "लान्टेच! म्हाताऱ्याच्या प्लेअरला तर आवाजच नाही."

"सुई आहे ना?" कोर्कोर हसली. "क्वेंना बोलाव."

दोघा म्हाताऱ्यांना तिने अंगणातल्या बाकावर बसवलं.

"वेष्टण मागे राहिलं, म्हणजे चोराला तबकडी विकायची नव्हती. लान्टे सुटला. आणि ती कुणी वाजवलीच नाही, तर तिसऱ्या गाण्यातली खरखर यांना कळली कशी? स्पीकर नसला तरी सुईपाशी कान नेला की गाणं बारीक ऐकू येतं. बंदीही मोडत नाही. हो ना, अटा ओकाय?"

ओकाय आत गेले आणि गादीखालून तबकडी घेऊन आले.

"का रे असं केलंस?" क्वे कळवळून म्हणाले.

"ताल मी नाही चुकवला, क्वे. तुझं ट्रम्पेट आधी शिरतं. जगासमोर तुझं हसं नको म्हणून लपवली."

"मग पन्नास वर्षं माझी बोलणी का खाल्लीस?"

"मलाही वाटायचं, मीच चुकलो."

क्वेंनी ओकायांचा हात घट्ट धरला.

"उद्या साहेबाला सांगतो, वेष्टणावर छाप: ड्रम बरोबर, ट्रम्पेट चुकलंय."

"दोघांच्या नावांसकट छापायला सांग," ओकाय म्हणाले.