दुसऱ्याचं कोनफळ

पोनपेई बेटावर दुसऱ्याच्या परसात बघायचं नसतं. दुसऱ्याच्या बायकोकडे नजर गेली तर भांडण होतं आणि मिटतं. दुसऱ्याच्या कोनफळाच्या वेलाकडे गेली तर माणूस जन्मभर हलकट ठरतो. म्हणून किट्टी भागातल्या चढावरून येणारे-जाणारे प्रत्येक परसापाशी खाली मान घालतात आणि कुंपण संपेपर्यंत स्वतःच्या चपला न्याहाळतात. कोणी किती वेल लावलेत आणि कुणाचे कुजलेत, हे अर्थात सगळ्यांना ठाऊक असतं.

एनेरिको ग्वामच्या एका हॉटेलात बरीच वर्षं एसी दुरुस्त करून परत आला, तो वडिलांच्या अंत्यविधीला. घरासमोर सिमेंटचं थडगं झालं, वर पत्रा चढला, पाहुणे डुकरं खाऊन गेले, आणि मागे एक प्रश्न उरला. वडिलांची ‘लेपेन’ ही पदवी कुणाला?

पदवी म्हणजे इथे शोभेची वस्तू नव्हे. पदवी मिळाली की तेच नाव. वडिलांना तीस-एक वर्षांत कुणी जन्मनावाने हाक मारली नव्हती. उलट ज्याला पदवी नाही, त्याला मेजवानीत चाळिशी उलटल्यावरही पाळण्यातल्या नावाने पुकारतात आणि वाटा देतात तो पोराटोरांच्या नंतर, हाडाचा. किट्टीचे प्रमुख पुढच्या कोनफळाच्या हंगामात पदवी जाहीर करणार होते. एनेरिको, नाहीतर त्याचा चुलतभाऊ वेल्टर. जो मोठं कोनफळ आणील तो. असं कुठे लिहिलेलं नव्हतं, म्हणूनच ते पक्कं होतं. दोघांनी उचलून आणलं तर माणूस बरा. आठांना खांदा द्यावा लागला तर माणूस मोठा.

एनेरिकोने वर्षाच्या सुरुवातीला परसात खड्डे घेतले, कुजका पाला भरला, कंदांचे शेंडे लावले, वेलांना झाडांवर चढायला दोर बांधले.

“हे खड्डे कोनफळाचे की एसीचं पाणी सोडायचे?” बायको क्लारिनाने विचारलं.

“बघशील तू.”

“मी कशाला बघू? बघायचं नसतं.”

वेल निघाले, पण आजाऱ्यासारखे. पानं पिवळी पडली. एक वेल मात्र गर्द हिरवा झाला. तो परसाच्या पार मागच्या टोकाला, नीरफणसाच्या जुन्या झाडावर होता, आणि एनेरिकोने तो लावलेला नव्हता.

त्याने शांतपणे विचार केला. यंत्र बिघडलं की कारण असतं. इथले पुरुष बायकोपासूनसुद्धा लपवून कोनफळं लावतात. वडिलांनी लावलेलं एखादं जमिनीत राहिलं असेल, ते फुटलं. प्रश्न संपला. वडील शेवटचं सबंध वर्ष अंथरुणाला खिळून होते, ही गोष्ट त्याने हिशेबात धरली नाही.

पण वेलाची निगा कोण राखत होतं? झडलेली पानं वेचून त्यांची जुडी बाजूला ठेवलेली असे. दोर सैल झाला की दुसऱ्या सकाळी ताणलेला असे. बुंध्याशी माती ओढून थापलेली, आणि थापल्याच्या खुणा स्पष्ट होत्या: तीन बोटं, पुन्हा तीन बोटं, पुन्हा तीन.

वडिलांच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती. तरुणपणी ते युद्धातल्या जुन्या बॉम्बमधल्या दारूचा स्फोट करून मासे मारायला गेले होते. मासे वाचले.

“वेल्टरचे चाळे,” एनेरिको स्वतःशी म्हणाला. दोन बोटं मुडपून त्याने तसाच ठसा उठवून पाहिला. सहज उठला. त्याला बरं वाटलं. मग त्याने झाडाभोवतालची ओली माती फळीने आरशासारखी सपाट केली. सकाळी तिच्यावर एकही पाऊल नव्हतं. बुंध्याशी मात्र मातीचा ढीग आदल्या दिवसापेक्षा वीतभर उंच होता.

नीरफणसाचा हंगाम आला. पोनपेईत पाऊस थांबत नाही, फक्त दम खातो. फळं धपाधप पडत होती, परसभर आंबूस वास भरला होता. पोरांना, डुकरांना, कुत्र्यांना पोटभर मिळत होतं. पण मागच्या टोकाच्या झाडाखाली एकही डुक्कर फिरकत नव्हतं. आणि रस्त्यावरचे लोक आता कुंपणापाशी मान खाली घालत नव्हते. ते खालच्या वळणापासूनच घालून येत.

एका संध्याकाळी दगडावर सकाऊची मुळं कुटून झाली, त्यांच्या गुंगी आणणाऱ्या रसाची करवंटी फिरू लागली. जीभ बधिर झाली की माणसं जरा खरं बोलतात. एनेरिकोने वेल्टरला गाठलं.

“माझ्या परसात येतोस ना रे तू?”

“मी?” वेल्टर हसला. “मला माझ्या खड्ड्यातून वर यायला सवड नाही.”

“मग उद्या ये. बघ एकदा तो वेल. मीच बोलावतोय.”

“काहीतरीच काय बोलतोस! ग्वामला लाज विकत मिळत नव्हती वाटतं?” त्याने करवंटी रिकामी केली, तोंड पुसलं. मग आवाज उतरवून म्हणाला, “आणि त्यांना आवडायचं नाही.”

“कुणाला?”

वेल्टरने करवंटी पुढच्या माणसाकडे सरकवली.

हंगाम पालटला. एनेरिकोने आपली कोनफळं खणली. जे निघालं ते एका टोपलीत मावलं. वेल्टरच्या घरून मात्र वासे तोडल्याचा आवाज येत होता. वासे म्हणजे डोली, डोली म्हणजे मोठं कोनफळ. मेजवानी तोंडावर आली होती. हाडाचा वाटा एनेरिकोला डोळ्यांपुढे दिसू लागला. त्याने कुदळ घेतली आणि मागच्या टोकाला निघाला.

“ते आपण लावलेलं नाही,” क्लारिना म्हणाली.

“परस आपलं आहे.”

“परसाचं कोण बोलतंय?”

माती लोण्यासारखी सुटत गेली. दुपारपर्यंत तो छातीइतका खाली उतरला. खाली माती उबदार होती आणि तिला वडिलांच्या अंगाला यायचा तसा खोबरेल तेलाचा, तंबाखूचा वास होता. कोनफळ कुठेही न मोडता निघालं.

उचलायला आठ माणसं आली. त्यांनी डोली बांधली, खांदा दिला, चालू लागली. सगळ्यांच्या माना खाली. हे एनेरिकोला खटकलं. जमिनीबाहेर आलेलं कोनफळ बघायला मनाई नसते. बघावं म्हणूनच तर ते काढतात.

मेजवानीच्या मांडवात वेल्टरचं कोनफळ त्याच्याशेजारी पोरवयाचं दिसलं.

“कुणी वाढवलंय हे?” प्रमुखांनी विचारलं.

अशा वेळी ‘छे, छे, माझं कसलं’ म्हणायचं असतं. सगळेच म्हणतात. एनेरिकोला मात्र ते खरंच म्हणायचं होतं.

“माझं नाही हे,” तो म्हणाला. “खरंच नाही. मी लावलं नाही, राखलं नाही. कुणी राखलं, मला माहीत नाही.”

मांडवात पसंतीची कुजबुज झाली. एका म्हातारीने डोळे टिपले.

“परदेशात राहूनही पोरगा विनय विसरला नाही,” प्रमुख म्हणाले.

मग वाटे पुकारणाऱ्याने ललकारी दिली. “लेपेन!”

एनेरिकोने मागे वळून पाहिलं.

“तुलाच. जा, लेपेन,” वेल्टर म्हणाला आणि त्याने मान खाली घातली. सगळ्या मांडवाने घातली. एनेरिकोला तो आदर वाटला. डुकराची अख्खी मांडी त्याच्या हातात आली.

पुन्हा लावण्यासाठी कंदाचा शेंडा घेऊन तो घरी परतला, तर खड्डा भरलेला होता. वरून थापलेला. तीन बोटं, पुन्हा तीन. जणू आत आधीच काही लावलेलं होतं; तिथे आता दुसरं काही लावायला जागा नव्हती.

त्यानंतर त्याला गाढ झोप लागू लागली. अंगाने तो भरला. रंग उजळला.

कोलोनिया शहराच्या बाजारात, जिथे औषधालाही वेल नाही, लोक त्याच्यासमोर मान खाली घालून जात.

“अरे, इथे कुणाचं परस आहे?” त्याने एकाला हसत विचारलं.

तो माणूस आपल्या चपला न्याहाळत पुढे गेला.

एके सकाळी त्याला पायांशी गारवा जाणवला.

चटईवर, त्याच्या घोट्यांपर्यंत, काळी माती ओढलेली होती. कुजक्या पाल्याची, सकस. नीट थापलेली: तीन बोटं, पुन्हा तीन.

उशाशी त्याचे पिकलेले केस होते. एकेक खुडून जुडी करून ठेवलेले.

“क्लारिना,” त्याने हाक मारली.

ती कॉफी घेऊन आली. उंबऱ्यातच थांबली, पेला चाचपडत जमिनीवर ठेवला आणि तशीच उभी राहिली. मान खाली घालून, आपल्या पावलांकडे बघत.