पुसलेली सही

सरका जवळ. दिवा राहू दे चालू, मलाच बरं वाटतं. ही ऐकीव गोष्ट नाही, पोरांनो. तेव्हा संग्रहालयाच्या दाराशी रात्रपाळीला मीच असायचो.

कलेच्या इतिहासात एम.ए. करणाऱ्या दोन मुली आमच्याकडे वर्षभर प्रत्यक्ष काम शिकायला होत्या. एक उंच, सडपातळ. तिला सगळे काडी म्हणायचे. दुसरी ठेंगणी, म्हणून ठमी. एका खोलीत राहायच्या, एका डब्यात जेवायच्या. मला मामा म्हणायच्या. वर्ष संपलं की दोघींपैकी एकीलाच नोकरीवर ठेवणार होते, आणि तिथंच माशी शिंकली.

आमच्याकडे एक जुनं चित्र होतं. खिडकीशी बसून सुईत दोरा ओवणारी बाई. कुणी काढलं, पत्ता नाही. काडीनं त्या चित्रावर सहा महिने घासले. कागद उपसले, डोळे फोडले, हाती भोपळा. आणि एका दुपारी ठमीनं सहज बाजूनं तिरपी बॅटरी मारली, तर कोपऱ्यात कुणीतरी पुसलेली सही! चित्रकार एक बाई निघाली. क्युरेटरबाईंनी सगळ्यांसमोर ठमीची पाठ थोपटली. चित्राखालच्या पाटीवर, ‘सही शोधली’ म्हणून, ठमीचं नाव छापलं.

काडीनं टाळ्या वाजवल्या. पण त्या दिवसापासून तिला ठमीचं खोकणंसुद्धा खुपायला लागलं. ठमी गाढ झोपायची, ही छताकडे बघत पडायची. सहा महिने मी मेले, आणि हिला एका दुपारीत?

प्रदर्शनाच्या आदला दिवस. बुधवार, चौदा तारीख. रात्री पावणेदहाला काडी आली.

“एक पाटी लावायची राहिलीय, मामा. दहा मिनिटांत येते.”

“सकाळी लाव की.”

“नको, आत्ताच.”

तिच्या पर्समध्ये दुसरी पाटी होती. तिनंच छापून आणलेली. ठमीचं नाव नसलेली. हे आणि आत काय झालं ते, तिनंच मला नंतर सांगितलं.

दालनात एकच दिवा होता. चित्रासमोर कुणीतरी वाकून उभं होतं. पाठमोरं. ठेंगणं.

“ठमे? तू कशी काय इथं?”



हात तेवढा हलत होता. सहीच्या कोपऱ्यावर. कापसाचा बोळा. गोल... गोल... स्पिरिटचा वास.

“अगं, रंग जाईल! काय करतेस?”

“...पुसतेय.”

ठमीचा आवाज नव्हता. म्हातारा होता.

“आम्ही दोघी एकत्र शिकलो... वाहवा तिची झाली.”

काडीनं पर्स छातीशी धरली.

“जात नाही गं. कितीदा पुसलं... उमटतंच.”

हात थांबला.

“तुझीही आहे ना... एक?”

काडीची नजर चित्राखालच्या पाटीवर गेली.

“दे तिचं नाव. मी पुसते.”

मागे न वळता बाईनं हात मागे केला. बोटं पेरापर्यंत झिजलेली...

काडीनं ठमीच्या नावाची पाटी भिंतीवरून काढून पुढे केली. हो, केली. खोटं कशाला सांगू? थंडगार बोटं पाटीला लागली. ओढू लागली. आणि काडीला आठवलं, महिन्यापूर्वी ताप चढला तेव्हा तीन रात्री उशाशी कोण बसलं होतं.

“नाही...”

ओढ वाढली.

“नाही! तिचं आहे ते!”

बाई वळायला लागली.

काडी धावत सुटली. धापा टाकत माझ्यापाशी आली, पाटी छातीशी घट्ट. मी बॅटरी घेऊन आत गेलो. दालन रिकामं. चित्राला ओरखडा नाही. ठमीच्या नावाची पाटी मीच परत लावली.

त्याच रात्री काडीनं ठमीला उठवून सगळं सांगितलं. ठमी रडली, दोन दिवस बोलली नाही, मग बोलली. नोकरी ठमीला मिळाली. काडी दुसऱ्या गावी शिकवते. दोघींचं अजून जमतं.

एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, पोर दमली होती, भास झाला. पण दारात तिला पाणी देताना माझं लक्ष तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे गेलं. चारी बाजूंनी प्लॅस्टिकमध्ये बंद. फोटो जागेवर. शिक्का जागेवर.

नावाची जागा कोरी.

आणि आतून... ओली.