सात नंबरची शिवण

"माझ्या बाबांच्या हातची शिवण उसवत नाही," ती मुलगी दारातूनच म्हणाली. "तुम्ही येऊन बघा, वहिनी."

वहिनींनी तिला आधी बसवलं. ओळखीचे, अनोळखी सगळेच त्यांना वहिनी म्हणत. खरे दीर मात्र एकटे भावोजी, निवृत्त मास्तर. वहिनी तपासाची कामं घेऊ लागल्या तेव्हा 'टिपणं मी काढतो' म्हणून जे चिकटले, ते सुटलेच नाहीत. डोळ्यांसमोरची गोष्ट न दिसण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

मुलगी चिलखती गाड्यांच्या कारखान्यात वेल्डर होती आणि तिचे बाबा तिथलेच मुख्य वेल्डर. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. शांतिसेनेच्या गस्तीसाठी अकरा पांढऱ्या गाड्या तयार झाल्या होत्या. जिथे वाटेवर सुरुंग पेरलेले असतात, तिथे त्या जाणार होत्या. गाडीचं पोट होडीच्या तळासारखं निमुळतं असतं, दोन उतरते पत्रे मधोमध वेल्डिंगने शिवलेले. खाली स्फोट झाला की तडाखा दोन्ही बाजूंना फुटून जातो आणि आतली माणसं वाचतात.

"काल सात नंबरची चाचणी होती," मुलगी म्हणाली. "आत पुतळे बसवून खाली सुरुंग उडवला. पोटाची शिवण चार बोटं उघडली. पुतळ्यांचे पाय गेले. अकराही गाड्यांवर बाबांचाच ठसा आहे. परवा साहेब सगळ्या भंगारात काढणार. तीस वर्षं काम केलंय त्यांनी, आणि कालपासून घास घेतला नाही."

"चला," वहिनी म्हणाल्या.

कारखान्यात एका फिरत्या चौकटीवर नव्या गाडीचा सांगाडा पोट वर करून पडला होता, उताण्या कासवासारखा. बाजूला उस्ताद उभे होते. डोळे लाल, पण हात स्थिर.

"उलटी का ठेवलीय हो?" भावोजींनी विचारलं.

"खाली बघून वेल्डिंग केलं की धातू नीट बसतो. म्हणून आधी गाडी उताणी. शिवण झाली की ती गरम असतानाच शेजारी ठसा मारायचा. मग गाडी सरळ करायची आणि चाकं लावायची."

ठसा म्हणजे बोटभर पोलादी खिळा. त्याच्या टोकावर उघडी छत्री कोरलेली. तो उस्तादांच्या टेबलाशेजारी भिंतीवर लटकत असे.

"कुलपात नाही ठेवत?" वहिनींनी विचारलं.

"कशाला? आपल्या कामावर दुसऱ्याचं नाव घालायला कोण वेडा आहे?"

वहिनींनी भावोजींना तपासणीच्या खड्ड्यात उतरवलं. एकेक गाडी वर आणून उभी करायची आणि पोटाच्या उतारावरचा ठसा वहीत काढायचा. भावोजींनी मान वाकडी करकरून दहा छत्र्या काढल्या. शेवटी फुटलेली सात नंबर ओढून आणली. ती छत्री त्यांनी एका दमात काढली.

"हात बसला तुमचा," वहिनी म्हणाल्या.

"मानही दुखली नाही या खेपेला," भावोजी खूश होऊन म्हणाले.

मग एकेकाला बोलावलं. भांडारवाला आधी आला, गुडघा धरत, लंगडत. "चिलखती पत्र्याच्या वेल्डिंगचे रॉड वेगळे असतात, बाई. मोजून देतो, उरलेले मोजून घेतो. एक रॉड कमी नाही. मी तर त्या खड्ड्याच्या पायऱ्याही उतरू शकत नाही."

तपासनीस तरुण होता. शेडमध्ये भट्टीसारखं उकडत होतं, म्हणून त्याने शर्टाची वरची दोन बटणं सोडली होती. तो वाकून कागद दाखवू लागला. त्याची मान गोरीपान होती, एक डागसुद्धा नव्हता. "चौकटीवर असतानाच यंत्राने शिवण तपासली. निर्दोष होती. चाकं लागल्यावर पुन्हा तपासत नाही आम्ही."

शेवटी ड्रायव्हर आला. उस्तादांचा भाचा, आईमागे त्यांच्याच घरी वाढलेला. आधी गाड्या दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये होता. अजूनही सुट्टीत तिथे जाई. त्याने गळ्यापर्यंत बटणं लावली होती आणि वर रुमाल बांधला होता. "सुरुंगाच्या चाचणीआधी सात नंबर मागच्या खडकाळ वाटेवर मीच फिरवली. पाण्यासारखी गेली. मामांच्या हातून चूक व्हायची नाही, पण वय झालंय त्यांचं."

वहिनी त्या वाटेवर पायी फिरून आल्या. एका वळणावर टोकदार दगडावर पांढरा पट्टा उमटला होता.

"खुणेसाठी चुना लावला असेल," भावोजी म्हणाले.

"एकाच दगडाला?"

दुसऱ्या दिवशी वहिनींनी सगळ्यांना सांगाड्याभोवती उभं केलं. साहेबही आले होते.

"भावोजी, दहा छत्र्या काढताना मान का वाकडी करावी लागली?"

"उलट्या होत्या म्हणून." आणि बोलता बोलता भावोजी थांबले. "सातची सरळ होती."

"उस्ताद गाडी उताणी असताना ठसा मारतात. गाडी चाकांवर आली की छत्री उलटी दिसणार. सातवरची सरळ आहे, म्हणजे ती गाडी चाकांवर असताना, खड्ड्यात उभं राहून मारलेली आहे. शिवण नंतर कोणीतरी घासून काढली, त्यात आधीचा ठसाही गेला, आणि ती पुन्हा जोडली. भांडारातला रॉड गेला नाही, म्हणजे साधा, गॅरेजमधला रॉड वापरला. चिलखती पत्र्यावर तो टिकत नाही. का जोडली? गाडी त्या दगडावर आपटली आणि शिवणीला चीर गेली. दगडावर चुना नाही, गाडीचा रंग आहे. भांडारवाले खड्ड्यात उतरू शकत नाहीत. आणि खड्ड्यात उभं राहून डोक्याच्या वर वेल्डिंग केलं की ठिणग्या मानेवर पडतात. तपासनिसांची मान साफ आहे. एवढ्या उकाड्यात गळा झाकून कोण हिंडतंय?"

भाच्याने रुमाल सोडला. मानेवर मसुराएवढे काळे डाग होते.

"बारीकशी चीर होती, मामा," तो म्हणाला. "सांगितलं असतं तर गाडी चालवायचं काम गेलं असतं. वाटलं, टिकेल."



"गाडी दगडावर आपटलीस ती चूक. चूक मी पदरात घेतली असती," उस्ताद म्हणाले. "पण माझा ठसा मारलास. त्या ठशावर भरवसा ठेवून आत माणसं बसतात. हे साहेबांना तूच लिहून दे. लिहिशील तेव्हा घरी ये, जेवायला थांबेन."

भाच्याने तिथेच उभ्या उभ्या लिहून दिलं.

चार दिवसांनी पाच नंबरखाली सुरुंग उडवला. धूळ बसली तेव्हा गाडी वाकडी उभी होती, दोन चाकं उडाली होती. साहेब स्वतः आत शिरले आणि बाहेर येऊन म्हणाले, "पुतळ्यांना ओरखडा नाही." मग त्यांनी उस्तादांना सलाम केला. मुलगी रडली आणि तिने ते लपवलं नाही. भावोजींनीही नाक पुसलं, धुळीचं निमित्त करून.

बाकीच्या गाड्या वाचल्या. फुटलेल्या सात नंबरच्या जागी नवी गाडी उभी राहिली, तिची शिवण मुलीने घातली. उस्तादांनी ती बोटाने चाचपली, भिंतीवरचा ठसा काढला आणि तिच्या हातात दिला. "आता हा तुझा."

गाडी चाकांवर आल्यावर भावोजी आपण होऊन खड्ड्यात उतरले.

"उलटी आहे," ते खालून अभिमानाने म्हणाले, जणू शोध त्यांनीच लावला होता. "पण उस्ताद, छत्री उलटी बरी दिसते का?"

"या गाड्यांवर पाऊस खालून येतो, मास्तर," उस्ताद म्हणाले. "मग छत्री कुठे धरायची?"