टाउनो काकांची डहाळी

"ए चेटकिणी, झाडू सांभाळ! माझा डोळा फोडशील!" कापो ओरडला.

"तू बडबड थांबव, म्हणजे मला नीट चालता येईल!" सायमीने फटकारलं.

ईस्टरच्या सुट्टीतला शनिवार होता. बारा वर्षांची सायमी, तिचा मावसभाऊ कापो आणि शेजारची तूली चेटकिणींची सोंगं घेऊन सकाळपासून गावभर हिंडत होती. दारात विलोच्या झाडाची डहाळी हलवायची, घराला सुख मागायचं, डहाळी घरच्यांना द्यायची आणि चॉकलेटची अंडी टोपलीत टाकून घ्यायची! डहाळ्यांना रंगीत पिसं बांधली होती आणि त्यांचे मऊ करडे कोंब नुकतेच फुटले होते. छपरांवरून पागोळ्या टपटपत होत्या.

शेवटचं घर टाउनो काकांचं, तळ्यात घुसलेल्या टोकावरचं नवंकोरं. पण दाराला कुलूप! काका ट्रॅक्टर घेऊन पलीकडच्या काठावर गेले होते. गावातल्या चिल्ल्यापिल्ल्यांना ओढगाडीत बसवून गोठलेल्या तळ्यावरून इथे आणायचं आणि सॉसेज खाऊ घालायचे, असा त्यांचा बेत होता. सायमीचा पाच वर्षांचा भाऊ एलीही त्या गाडीत होता. दरवर्षीची वाट तळ्याच्या पश्चिमेकडून जायची. यंदा मात्र काकांनी ती आपल्या होडीच्या धक्क्यासमोरून वळवली होती. नवं घर सगळ्यांना दिसायला नको का!

"अगं, हंस!" तूली किंचाळली.

धक्क्याच्या आडोशाला दोन पांढरे हंस ऐटीत बसले होते.

"हंस आले, थंडी पळाली!" कापो नाचायला लागला.

सायमी मात्र जागच्या जागी थबकली. "कापो, हंस पाण्यावर उतरतात. इथे पाणी कुठून आलं?"

"पाणी कसलं? तळ्यावर अजून ट्रॅक्टर चालतोय!"

"तेच तर म्हणतेय मी!"

तिघं दबकत धक्क्यावर गेली. खाली काळंभोर पाणी हलत होतं आणि कसलीशी घरघर ऐकू येत होती. एक जाड वायर पाण्यात उतरली होती.

"पंप आहे!" कापो पुटपुटला. "तळाचं उबदार पाणी वर ढकलतो. धक्क्याचे खांब बर्फाने मोडू नयेत म्हणून काकांनी बसवला असणार."

"आणि त्याचं तोंड बघ कुठे आहे! थेट वाटेकडे!"

सायमी धक्क्याच्या टोकाशी पालथी पडली आणि तिने झाडूचा दांडा बर्फावर आपटला. दांडा आरपार गेला! तिथून एक ओलसर, काळपट पट्टा थेट नव्या वाटेपर्यंत पसरला होता.

तेवढ्यात लांबून ट्रॅक्टरची धडधड ऐकू आली.

तूलीने फोन लावला. "काका उचलत नाहीयेत! त्या आवाजात त्यांना ऐकू तरी काय येणार?"

"जुन्या वाटेने पळा!" सायमी म्हणाली. दोन्ही वाटा जिथे फुटत होत्या, तिथला बर्फ जाड होता. तिथे पोचून तिघांनी हात हलवले, रुमाल फडकवले, घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. काकांनी हसत हात हलवला! गाडीतली पोरंही आनंदाने ओरडली, "चेटकिणी! चेटकिणी!" त्यात एलीची लाल टोपी स्पष्ट दिसत होती.

"वाटेत आडवे उभे राहू या!" कापो म्हणाला.

"वेडा आहेस? ओल्या बर्फावर भरलेली गाडी थांबेल होय?"

काय करावं? सायमीला रडू फुटायचंच बाकी होतं. इतक्यात तिची नजर वाटेच्या खुणांवर गेली. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची छोटी रोपटी! काकांनी आळस करून ती बर्फाच्या ढिगांत नुसतीच खोचली होती.

"काका बर्फ बघत नाहीत, रोपटी बघतात! उपटा! जुन्या वाटेवर लावा!"

तिघं भुतासारखी कामाला लागली. तूलीने उरलेल्या सगळ्या डहाळ्या नव्या वाटेच्या तोंडाशी आडव्या रांगेत रोवल्या. ट्रॅक्टर जवळ आला, आणखी जवळ आला. तिघांनी बाजूला उड्या मारल्या. क्षणभर तो सरळच येतोय असं वाटलं आणि सायमीने डोळे मिटून घेतले.

मग धडधड वळली, जुन्या वाटेने!

काठाला लागताच काका लालबुंद होऊन उतरले. "माझी रोपटी कोणी हलवली? वाटेच्या खुणांशी खेळता? तुमच्या आयांना सांगतो!"

"काका, तुमच्या पंपाने बर्फ खाल्लाय," सायमी म्हणाली.

"पंप धक्क्यापुरता आहे! हे बघ!" काका लोखंडी पहार घेऊन तरातरा धक्क्यावर गेले आणि टोकाला उभं राहून त्यांनी काळपट पट्ट्यावर पहार हाणली.

बर्फ फुटला आणि पहार हातातून निसटून तळाशी गेली.

काकांनी त्या भोकाकडे बघितलं. मग त्यांनी गाडीतल्या एकेका पोराकडे बघितलं आणि ते मटकन खाली बसले. "देवा! मी यांना कुठे नेत होतो?"

तूलीने पळता पळता केलेला फोन ऐकून सायमीची आई धापा टाकत आली होती. तिने एलीला उचलून छातीशी घट्ट धरलं. मग दुसऱ्या हाताने सायमीला जवळ ओढून ती म्हणाली, "आज गावातली मोठी माणसं आंधळी झाली होती गं! डोळे तेवढे तुम्हा तिघांना होते!"

काकांनी आधी पंप बंद केला. मग चॉकलेटच्या अंड्यांचा अख्खा डबा आणून सायमीच्या टोपलीत रिकामा केला.

"पण माझ्या घराची डहाळी?" त्यांनी हळूच विचारलं. "सुख मागायचं राहिलं ना?"

सायमीने तळ्याकडे बोट दाखवलं. नव्या वाटेच्या तोंडाशी रंगीत पिसं वाऱ्यावर हलत होती.

"मागून झालं, काका. त्या डहाळ्या तुमच्याच आहेत."