उसाच्या रस्त्यावरची फौजदारीण

पारमितानं रस्त्याच्या मधोमध उभं राहून हात आडवा केला आणि उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर करकचून थांबला. वर गाणं दणदणत होतं आणि समोर उभी होती खाकीतली फौजदारीण!

"गाणं बंद कर!"

ट्रॅक्टरवाल्यानं गाणं बंद केलं, इंजिनही बंद केलं. मग सीटखालची पिशवी काढून लायसन्स, आरसी, विमा, सगळं पुढं धरलं. "कागदं हायत बघा, मॅडम. आवाजाचं तेवढं... चुकलंच."

पारमितानं लायसन्सवरचा फोटो पाहिला, मग समोरचा चेहरा. साईराज. फोटोपेक्षा बरा दिसत होता. "परत आवाज आला तर ट्रॅक्टर जमा करीन," असं बजावून ती ऐटीत वळली, आणि नेमकं तेव्हाच त्याचं लक्ष तिच्या पायांकडं गेलं. निळ्या पट्ट्यांच्या स्लीपर!

"मॅडम..." तो हळूच म्हणाला, "बूट धुवायला टाकलेत काय?"

दुसरी एखादी लाजून पळाली असती. पारमिता पळणाऱ्यातली नव्हती. "भाड्याच्या ड्रेसबरोबर मापाचे बूट मिळाले न्हाईत," ती ताठ मानेनं म्हणाली. "आणि व्हिडिओत पाय दिसत न्हाईत."

मग सगळं सांगणं आलंच. पुण्याच्या एका नाटक कंपनीला नटी हवी होती. वर्षभर गावोगाव प्रयोग, महिन्याला पगार आणि काम एकच, नाटक करायचं. बेळगावच्या कॉलेजात पहिल्यांदा रंगमंचावर पाय ठेवला तेव्हापासून पारमिताला हेच हवं होतं. कंपनीनं एक प्रवेश पाठवला होता, त्यात फौजदारीण चोराची उलटतपासणी घेते. तो कुठंही न तोडता, एका दमात चित्रित करून रविवारी संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. अभिनयाची तिला काळजी नव्हती. तो तिला येत होता आणि झकास येत होता. पण संकेश्वरातलं त्यांचं घर कारखान्याच्या रस्त्याला. गच्चीवर छान उजेड पडे तो उन्हं कलताना, आणि नेमके त्याच वेळी उसाचे ट्रॅक्टर निघत, प्रत्येकावर लग्नाच्या वरातीएवढे स्पीकर. मागं गाणं ऐकू आलं तर व्हिडिओ बाद, असं कंपनीनं स्पष्ट कळवलं होतं.

"खोलीत करा की."

"खोलीतबी तुमचंच गाणं येतंय. भिंती हादरत्यात!"

त्यात कॅमेऱ्यामागून चोराची वाक्यं वाचायला आई. ती सरकारी दवाखान्यात नर्स, माणसांची काळजी घ्यायची तिला सवय. ऐन उलटतपासणीत ती मध्येच म्हणायची, "केस मागं घे गं."

साईराज हसला. कानामागं खोचलेलं उसाचं पातं काढून टाकत म्हणाला, "मी वाचू का? कारखान्यात गाडी नंबरला लावली की मी रिकामाच असतोय."

तो दुसऱ्या दिवशी खरंच आला. रोजच येऊ लागला. अंगाला उसाचा गोडसर वास आणि वाचणं असं, की ऐकणाऱ्याला जांभई यावी.

"शाळेत प्रतिज्ञा म्हणतोयस व्हय?"

"पहिलीच चोरी हाय, मॅडम. सांभाळून घ्या."

हळूहळू वाचणं सुधारलं. अडायचं ते शेवटाला. प्रवेशाच्या शेवटी फौजदारीण चोराला विचारते, "कुणासाठी केलंस?" आणि चोर काहीच बोलत नाही. तेवढं गप्प बसणं साईराजला जमेना. पारमिता डोळ्यांत डोळे घालून विचारी, आणि हा गडबडून काहीतरी बोलून टाकी. कधी "आईसाठी, मॅडम," तर कधी "म्हशीसाठी, मॅडम!" आईची हसून हसून पुरेवाट होई.

"अरे, गप्प बसायला काय होतंय तुला?"

"तुम्ही असं बघितलं की... काहीतरी बोलावंच वाटतंय."

"मग जे खरं हाय ते बोल की!"

तो एकदम गप्प झाला.

"हां! अस्संच रविवारी कर," पारमिता म्हणाली. पण तिच्याही कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या आणि तिला ते आवडलं होतं.

रविवारी उन्हं कलली तरी साईराजचा पत्ता नव्हता. एक ट्रॅक्टर गाणं वाजवत गेला. मग दुसरा. पारमिताचा पारा चढला. राग गाण्यांचा कमी आणि न आलेल्या माणसाचा जास्त, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तेवढ्यात आईचा फोन वाजला.

"मी फाट्यावर हाय," साईराज घाईत बोलत होता. "फोन स्पीकरवर टाका. मी हितनंच वाचतो."

"येणार न्हाईस?"

"आलो तर गाड्या कोण धरणार? करा चालू, मॅडम... लोकांना दम न्हाय."

विचारत बसायला वेळ नव्हता. पारमितानं टोपी सारखी केली आणि कॅमेरा सुरू केला. रस्ता चिडीचूप झाला होता. एकही ट्रॅक्टर येत नव्हता. तिचा आवाज गच्चीभर स्वच्छ घुमला, चोरही बरोबर अडखळत उत्तरं देत गेला आणि शेवटचा प्रश्न आला.

"कुणासाठी केलंस?"

फोनमधून फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता. पारमिता वाट बघत राहिली, अगदी त्याच्याकडं बघावं तशी कॅमेऱ्याकडं बघत राहिली. चोरानं तोंड उघडलं नाही.

व्हिडिओ गेला, मिळाल्याचा निरोपही आला. आई काही विचारायच्या आत पारमितानं स्कूटी काढली होती.

फाट्यावर वळणापर्यंत ट्रॅक्टरच ट्रॅक्टर उभे होते, सगळे इंजिन बंद करून. खाकी दिसताच ड्रायव्हर मंडळींची कागदं शोधायची धांदल उडाली. पिकल्या मिशांचे भरमूअण्णा पुढं आले. "आमचा दोष न्हाय, मॅडम. ह्या पोरानं आडवलंय. कुणी ऐकंना, तवा कारखान्यातला आपला पुढचा नंबर मला देऊन टाकला. मग मी थांबलो, माझ्यामागं सगळे थांबले. आता ह्याची गाडी सगळ्यांच्या शेवटाला!"

साईराज खाली मान घालून उभा होता. पारमिता त्याच्यासमोर गेली.

"कुणासाठी केलंस?"

तो गप्प.

"अरे, गप्प बसायचं ते नाटकात. हितं बोलायचं असतंय..."

साईराजनं मान वर केली. "तुझ्यासाठी, पारमिता. लई आवडतीस तू मला. तुला ते घेणार, तू पुण्याला जाणार, हेबी ठाऊक हाय. तरीबी आवडतीस."

"घेणारच," पारमिता म्हणाली. त्यात तिला शंका नव्हती. "पण ऊस संपला की तुझा ट्रॅक्टर काय करतोय?"

"शेडात बसतोय."

"मग त्याला बसू दे. तू प्रयोगाला येत जा, जिथं असंल तिथं. आजच्यासारखं समोर नसलास तर मी कुणाला विचारू?" ती आणखी एक पाऊल पुढं सरकली. "मलाबी तू आवडतोस रं... लई."

"मॅडम," मागून भरमूअण्णांनी बिचकत विचारलं, "आमच्या कागदांचं काय?"

पारमितानं वळून पाहिलं. अख्खी रांग लायसन्स हातात धरून उभी होती. तिनं टोपी सरळ केली, स्लीपरमधले पाय जुळवले आणि फौजदारीणबाईंच्या खणखणीत आवाजात हुकूम सोडला.

"कागदं आत ठेवा... आणि गाणी लावा! सगळ्यांनी!"